मोपा विमानतळाच्या काउंटरवर कुठला पासपोर्ट काढायचा?

गेल्या चवथीला माझा मावसभाऊ इंग्लंडातल्या स्विंडनहून घरी आला होता. गणपती पोचवून झाले, सगळे व्हरांड्यात बसलेलो, नेवऱ्या खाऊन पोटं जड, आणि मावशीनं त्याचं प्रवासाचं पाउच उघडून एकेक पुस्तक बाहेर काढायला सुरुवात केली. एक लालसर पोर्तुगालचं, एक गडद निळं ब्रिटिश, एक ओसीआयचं आणि एक कोपरा कापलेलं जुनं भारताचं. मावशी म्हणाली, चार चार पासपोर्ट? मग तू नक्की कुठचा रे?

तो नुसता हसला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. म्हापशात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, मी वकील नाही, एजंट तर मुळीच नाही, पण वर्षाचे बारा महिने हेच कागद डोळ्यांखालून जातात त्यामुळे लोकांना वाटतं मला सगळं येतं. सगळं नाही येत. पण त्या दिवशी मावशीला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण दुकानात हाच प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो.

पहिली गोष्ट, त्या चारातले चालू पासपोर्ट दोनच. ओसीआय, म्हणजे परदेशी झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारा जन्मभराचा व्हिसा, हा पासपोर्ट नाही आणि कोपरा कापलेला, म्हणजे रद्द झालेला, तर आता कुठल्याच गेटवर चालत नाही. दुसरी गोष्ट जरा नीट ऐका. आपल्याकडे सरसकट बोलतात ना, अमक्याचा झिल (मुलगा) ड्युअल आहे, म्हणजे दोन देशांचा नागरिक, तमकीनं ड्युअल केलं, तर भारतापुरतं बोलायचं तर असं ड्युअल नावाचं काही नाहीच. नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९ सांगतं की भारतीय माणसानं आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपलं. कोणी पत्र पाठवत नाही, घंटा वाजत नाही, आपसूक संपतं. आणि नियमांत असंही लिहिलंय की परदेशी पासपोर्ट काढलात म्हणजे तिथलं नागरिकत्व आपणहून घेतलंत याचा तो पक्का पुरावा. म्हणजे मी फक्त पासपोर्ट घेतला, नागरिकत्व नाही घेतलं, ही जी पळवाट लोक माझ्या काउंटरवर उभं राहून मला समजावतात ती मुळातच बंद आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमधे सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कलम ९ खाली नागरिकत्व कायद्यानंच संपतं, आणि अर्ज करून सोडणं, म्हणजे कलम ८, ही वेगळी गोष्ट आहे.

मग घरात भारताचा पासपोर्ट तसाच पडलाय, त्याची मुदतही अजून सहा वर्षं आहे, त्याचं काय? त्याचं हेच की तो आता तुमचा नाही. छापलेली तारीख पुस्तकाची मुदत सांगते, तुमच्या नागरिकत्वाची नाही.

हा घोळ गोव्यातच एवढा का, हे बाहेरच्या मराठी लोकांना चटकन कळत नाही म्हणून थोडा इतिहास, पटकन. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मग १९६२ मधे भारत सरकारनं एक आदेश काढला की २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीव इथं जो जन्मला, किंवा ज्याचे आईबाप आजीआजोबा यातलं कोणी इथं जन्मलं, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक, आणि ज्याला आधीचंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्यानं एका महिन्यात तसं लिहून द्यावं. बहुतेकांनी काही लिहून दिलं नाही, आमच्या आजोबांना तर असा आदेश निघालाय हेही माहीत असेल का शंकाच आहे. तिकडे पोर्तुगालनं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते थेट १९७४ च्या ३१ डिसेंबरला करार करून, आणि मुक्तीआधी इथं जन्मलेल्या माणसांचं नाव मात्र आपल्या वहीतून खोडलं नाही. म्हणजे आजोबा एकच, पण दोन देशांच्या दोन वह्यांत नाव. त्या आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवला की मग मुलगा, मग पुढे नातू, अशी साखळी चालते, फक्त मधली कडी तुटता कामा नये.

वह्यांची ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रत्येक देश फक्त आपली वही वाचतो. पोर्तुगालच्या कायद्याला तुमच्याकडे दुसरं नागरिकत्व असल्याची अडचण नाही, १९८१ पासून नाही. त्यामुळे पणजीत आल्तिनोला पोर्तुगीज कॉन्सुलेटमधून बाहेर आलेला माणूस जेव्हा सांगतो की त्यांची काही हरकत नाही तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फक्त अर्धं बोलत असतो. हरकत आहे ती भारताची, आणि ती भारताच्या वहीत लिहिलेली आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो, की लिस्बनला जन्मनोंद झाली पण पासपोर्ट काढलाच नाही, अशा माणसाचं काय. हा गोव्यातला जुना वाद, निवडणूक आली की कोणाच्या तरी उमेदवारीवरून उकरून काढतात, पंचायतीपासून विधानसभेपर्यंत. एवढंच सांगतो की अमक्याचं नागरिकत्व गेलं की राहिलं हे ठरवायचा अधिकार कायद्यानं केंद्र सरकारला दिलाय, वाड्यावरच्या विरोधी पॅनेलला नाही. पण पासपोर्ट हातात आला असेल तर मग वाद घालायला फार काही उरत नाही.

आता प्रवासाचं बोलू. विमानानं परदेशी जाताना तुमचा पासपोर्ट तीन वेगवेगळी माणसं बघतात आणि तिघांचे प्रश्न वेगळे असतात, हे एकदा कळलं की अर्धा गोंधळ संपतो. पहिला एअरलाइनचा काउंटर. त्याला तुमच्या नागरिकत्वात काडीचाही रस नाही, त्याला फक्त एवढंच बघायचं असतं की तुम्ही जिथे उतरणार तो देश तुम्हाला आत घेईल का, कारण नाही घेतलं तर परत आणायचा खर्च आणि वर दंड त्याच्या बोडक्यावर. त्यामुळे त्याला दाखवायचा तो पासपोर्ट जो उतरण्याच्या देशात चालतो. दुसरा, निघण्याच्या देशाचा इमिग्रेशनवाला. त्याचा प्रश्न, तुम्ही इथे कुठल्या हक्कानं होतात? म्हणजे ज्या पासपोर्टवर आत आलात तोच त्याच्यापुढे ठेवायचा. तिसरा, उतरल्यावरचा इमिग्रेशनवाला. तो विचारतो, आत कुठल्या हक्कानं येताय? तिथे परत उतरण्याच्या देशात चालणारा. म्हणजे एका प्रवासात पहिला आणि तिसरा एक पासपोर्ट बघतात आणि मधला दुसरा बघतो, असं होऊ शकतं, आणि दोन्ही पासपोर्ट कायदेशीर असतील तर यात चोरीछुपीचं काही नाही.

पण लक्षात घ्या, दोन्ही कायदेशीर असतील तर.

गोव्यातली जुनी शक्कल अशी की मोपाला किंवा दाबोळीला इमिग्रेशनला भारताचा पासपोर्ट दाखवायचा, विमानात बसायचं आणि तिकडे उतरताना पोर्तुगालचा काढायचा, येताना उलटं. वर्षानुवर्षं लोकांनी केलंय, आणि ज्यांचं निभावलं ते शेखी मिरवतात. पण वरची तीन माणसं आठवा. एअरलाइननं तुम्हाला लंडनचा बोर्डिंग पास दिला तो पोर्तुगालच्या पासपोर्टवर, आणि त्याचा नंबर, नाव, जन्मतारीख सगळं विमान सुटायच्या आधी सरकारी यंत्रणांकडे जातं. मग तुम्ही मधल्या काउंटरवर भारताचा पासपोर्ट ठेवता, तो पानं उलटतो आणि साधा प्रश्न विचारतो, यूकेचा व्हिसा कुठे आहे? आता उत्तर काय देणार. दुसरा पासपोर्ट काढून दाखवलात तर स्वतःच कबूल केलंत, नाही दाखवलात तर विमान गेलं. आणि हे फक्त विमान चुकण्यापुरतं नाही. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ मधे तरतूद आहे की भारतीय नागरिक नसताना नागरिकत्व लपवून भारताचा पासपोर्ट मिळवला तर १ ते ५ वर्षं कैद आणि १० हजार ते ५० हजार रुपये दंड. नूतनीकरणाच्या फॉर्मवर मुकाट्यानं सही करणारे माझ्या दुकानात येतात, मी विचारतो, ते म्हणतात भाऊ तू फक्त टाइप कर. मी नाही करत. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

बरं, सरळ मार्गानं जायचं तर? परदेशी पासपोर्ट मिळाला की भारताचा पासपोर्ट सरेंडर करायचा, त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, मधल्या काळात जुन्या पासपोर्टवर प्रवास केला असेल तर दंड भरायचा. आणि इथे एक गंमत आहे जी लोकांना आधी सुचतच नाही. समजा तुम्ही गोव्यातच बसून पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवला आणि भारताचा सरेंडर केला, तर त्या क्षणी तुम्ही आपल्याच घरात, आपल्याच तुळशीपुढे परदेशी माणूस झालात, आणि हातातल्या कोऱ्या पासपोर्टवर ना भारताचा व्हिसा ना प्रवेशाचा शिक्का. मधला काउंटरवाला विचारणारच, तुम्ही देशात शिरलात कधी? जन्मलो इथेच, हे उत्तर खरं असलं तरी पुरत नाही. त्यासाठी परदेशी नागरिकांच्या नोंदणी ऑफिसमधून व्हिसा किंवा देश सोडायची परवानगी, म्हणजे एक्झिट परमिट, आधी घ्यावं लागतं. तिकीट काढायच्या आधी. परवानगीशिवाय राहणं हलक्यात घेऊ नका, १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि फॉरेनर्सचा नवा कायदा लागू झालाय, जुना १९४६ चा गेला, आणि मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड लिहिलाय.

गोव्यातल्या पुष्कळ लोकांची गाडी मधे या सरेंडरवरच अडकली होती. २०२२ च्या अखेरीपासून झालं असं की लोक सरेंडर करायला गेले आणि आधी माहिती लपवली म्हणून त्यांचा पासपोर्ट सरेंडर न होता रद्दच केला गेला, म्हणजे रिव्होक, आणि ओसीआय काढायला तर सरेंडर सर्टिफिकेटच लागायचं. ना इकडचे ना तिकडचे. मग २०२४ च्या एप्रिलमधे परराष्ट्र मंत्रालयानं मान्य केलं की सरेंडरऐवजी रिव्होकेशनचं सर्टिफिकेटही ओसीआयसाठी चालेल. निवडणुकीच्या तोंडावर आलं म्हणून काहींनी नाकं मुरडली, पण ज्याचं काम अडलं होतं त्यानं पेढे वाटले, मला पण मिळाला एक.

तर आता मावसभावाकडे वळू, कारण त्याचं पाउच म्हणजे खरोखर दोन पासपोर्टचा कायदेशीर प्रवास. तो आधी पोर्तुगीज झाला, ब्रेक्झिटच्या आधी यूकेत गेला, तिथे सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळालं, मग पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. पोर्तुगालला चालतं, ब्रिटनला चालतं, आणि भारताच्या दृष्टीनं तो तसाही परदेशीच आहे, परदेशी माणसाकडे परदेशाचे किती पासपोर्ट आहेत याच्याशी भारताला घेणं नाही. त्याची ओसीआय एका ठरावीक पासपोर्टवर आहे, पोर्तुगालच्या, म्हणून भारतात शिरताना आणि निघताना तोच. पण यूकेत शिरताना? इथे नियम बदललाय बघा. २५ फेब्रुवारी २०२६ पासून ब्रिटिश नागरिक असलेल्या माणसानं यूकेला जाताना चालू ब्रिटिश पासपोर्ट दाखवायचा, नाहीतर दुसऱ्या पासपोर्टवर ब्रिटिश हक्काचं सर्टिफिकेट हवं आणि त्याची फी २०२६ च्या सुरुवातीला तब्बल ५८९ पाउंड होती. पोर्तुगीज पासपोर्टवर ईटीए काढून जाऊ म्हणाल तर ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळतच नाही. ईटीए म्हणजे व्हिसा न लागणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी आधी ऑनलाइन घ्यायची परवानगी, आणि तुम्ही पाहुणे नाही, घरचे आहात. म्हणून परतीच्या वेळी मोपाला एअरलाइनच्या काउंटरवर तो ब्रिटिश पासपोर्ट देतो, इमिग्रेशनला पोर्तुगालचा आणि ओसीआय ठेवतो, आणि त्यानं विचारलंच की यूकेत कसा जाणार, तर ब्रिटिशही सरळ काढून दाखवतो. लपवायचं काहीच नाही. दोन्ही पासपोर्ट दोन्ही वेळेला हातातल्या बॅगेत हवेत, चेक-इन केलेल्या बॅगेत एक टाकला तर मेलात.

लिस्बनला गेला तर उलट. तिथे ब्रिटिश पासपोर्ट काढला तर तो युरोपबाहेरचा माणूस, १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या सिस्टिममधे बोटांचे ठसे आणि चेहरा. पोर्तुगालचा काढला तर यातलं काहीच नाही, युरोपियन युनियनचा नागरिक, सरळ आत. ज्या देशाचे तुम्ही नागरिक त्या देशात त्याच देशाच्या पासपोर्टनं शिरा, हा एक नियम पाठ केला तरी पुष्कळ काम होतं. अमेरिकेनं तर तो कायद्यातच घातलाय, कॅनडाचंही विमानात चढताना तसंच. आणि त्याची दुसरी बाजू पण आहे, की ज्या देशाचे तुम्ही नागरिक तिथे तुमच्या दुसऱ्या देशाची वकिलात सहसा तुम्हाला सोडवायला येत नाही, १९३० च्या हेग करारापासून ही रीत आहे. लिस्बनमधे पोलिसांच्या भानगडीत सापडला तर ब्रिटिश दूतावास म्हणणार, तू त्यांचाच माणूस आहेस बाबा.

ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट नाही, फक्त पोर्तुगालचा आणि सेटल्ड स्टेटस, आणि आपले स्विंडन, साउथॉलचे पुष्कळ लोक असेच आहेत, त्यांचं दुखणं वेगळं. हे स्टेटस पूर्ण डिजिटल आहे, पासपोर्टवर ना स्टिकर ना शिक्का, आणि ते पासपोर्टच्या नंबराला जोडलेलं असतं. मावसभाऊ ब्रिटिश व्हायच्या आधी एकदा नेमका यातच अडकला. पासपोर्टची मुदत संपली म्हणून नवा केला, नवा नंबर यूकेच्या खात्यात जोडायचा राहून गेला, आणि परतीच्या रात्री काउंटरवरची मुलगी म्हणते सर तुमचं स्टेटस सिस्टिममधे दिसत नाहीये. नशीब जुना पासपोर्ट पण बरोबर होता आणि फोनवर ऑनलाइन स्टेटस उघडून दाखवता आलं, दीड तास फोनाफोनी झाली, विमानाचं दार बंद व्हायला थोडा वेळ असताना पोचला. मी बाहेर गाडीत बसून होतो, म्हटलं आता परत घरी न्यायचा की काय. तेव्हा नवा पासपोर्ट हातात आला की त्याच दिवशी नंबर अपडेट करा, आणि ओसीआयच्या पोर्टलवर पण नवा पासपोर्ट आणि फोटो टाकायचा असतो, २० वर्षांच्या आतल्यांनी प्रत्येक नव्या पासपोर्टच्या वेळी आणि पन्नाशी झाल्यावर एकदा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि सलग ५ वर्षं यूकेच्या बाहेर राहिलात तर सेटल्ड स्टेटस जातं, हेही गावात येऊन निवांत घर बांधत बसलेल्यांनी विसरू नये.

नावांचं प्रकरण मात्र खास आपलं. पोर्तुगीज काळातला जन्मदाखला, आपण ज्याला तेओर म्हणतो, त्यात शेणैचं सिनाय असतं, कामतचं कामोतीं, प्रभूचं पोरोब. तोच माणूस शाळेच्या दाखल्यावर वेगळ्या स्पेलिंगनं आणि वेगळ्या जन्मतारखेनं, कारण मास्तरांनी वय अंदाजानं लावलेलं. आता पोर्तुगालचा पासपोर्ट निघतो तेओरवरून आणि ओसीआयला जोडायचे असतात भारताचे जुने कागद, म्हणजे दोन पुस्तकांत दोन नावं. आपल्याकडे मग तो मी एकच असा अ‍ॅफिडेविट करतात, ऑफिसात तो चालतोही, पण रात्री अडीच वाजता काउंटरवर अ‍ॅफिडेविट वाचायला कोणाला वेळ नसतो. म्हणून तिकीट त्याच पासपोर्टच्या नावानं काढायचं जो एअरलाइनला दाखवणार, अक्षर न् अक्षर तसंच. मशीनला सिनाय आणि शेणै एकच हे कळत नाही, तुमच्या आजीला कळेल.

ओसीआयबद्दल थोडक्यात, कारण लोक त्याला अर्धा पासपोर्ट समजतात. नाव जरी भारताचा परदेशस्थ नागरिक असलं तरी ते नागरिकत्व नाही, जन्मभराचा व्हिसा आहे एवढंच. कितीही वेळा या, कितीही राहा, पोलिसांत नोंद नको. पण एकट्या ओसीआयवर प्रवास होत नाही, बरोबर परदेशी पासपोर्ट लागतोच. मत नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आली तर चालते, म्हणजे आजोबांचं भाट (बागायत) मिळेल पण शेजारच्याचं शेत घेता येणार नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण असलं काही करायचं तर वेगळी परवानगी. आणि मतदार यादीतलं नाव काढून टाका बाबांनो, दर निवडणुकीला कोणीतरी हौसेनं बोटाला शाई लावून फोटो टाकतो आणि मग आपल्याच हातानं आपल्याविरुद्ध पुरावा.

मुलांचं विचारतात खूप. परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म भारताच्या वकिलातीत एका वर्षात नोंदवून भारतीय नागरिकत्व घेता येतं, आईबापातलं कोणी भारतीय असेल तर, पण तेव्हा लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. आणि असं मूल जन्मानं दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल तर कायदा त्याला अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिने देतो, दुसरं सोडलं नाही तर भारताचं गेलं. म्हणजे ड्युअल नाही नाही म्हणता लहान मुलांपुरती एक फट आहे खरी, पण त्या फटीतून दोन पासपोर्ट काढून प्रवास करायचा नाही. आई भारतीय आणि बाप पोर्तुगीज अशी घरं आपल्याकडे भरपूर, त्यांनी एकच ठरवावं, एकतर भारताचा पासपोर्ट नाहीतर परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय, दोन्ही दगडांवर मुलाचे पाय ठेवू नयेत.

आणि आमचे तारवटी, म्हणजे बोटीवरचे लोक, सीडीसी दाखवून म्हणतात माझ्याकडे पण दोन आहेत. सीडीसी हे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, पासपोर्ट नाही. जुन्या नव्याला रबर बँड लावून फिरणारेही दोन पासपोर्टवाले नव्हेत, चालू एकच असतो, जुना फक्त आतल्या व्हिसासाठी बरोबर.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं, समजलं किती ते देव जाणे, आणि शेवटी तो कोपरा कापलेला उचलला. म्हणाली, मग हा कशाला वागवतोस, टाकून दे. तो द्यायलाच निघाला होता. मी म्हटलं थांब, रद्द झालेला असला तरी तू कधीकाळी इथला होतास हे दाखवणारा तोच कागद आहे, ओसीआयचं काही नव्यानं करायची पाळी आली, उद्या तुझ्या पोरांची काढायची झाली, तर त्याची कॉपी मागतील. मावशीनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि आजोबांच्या तेओरच्या पिशवीवर, देवघराखालच्या फडताळात ठेवला. आता दर पावसाळ्यात वाळवी बघायची जबाबदारी पण माझ्यावरच.